तिसरं बटण

बजाजनगरच्या बाजारात मोसंबीच्या गाड्या लागल्या की मी रस्ता बदलते. इतकी वर्षं उलट होतं. पहिली हिरवी मोसंबी दिसली की मी थांबायचेच. घ्यायची नसली तरी एक उचलायची, देठाजवळ अंगठा दाबून बघायचा, नखाने साल जराशी ओरखडून वास घ्यायचा आणि गाडीवाल्याची बोलणी खायची. पाचोडच्या माणसाला ही खोड असतेच. परवा मात्र रस्ता बदलता आला नाही, कारण नुकताच पाऊस पडून गेला होता आणि पलीकडे घोटाभर पाणी साचलेलं. गाडीवाल्याने ओळखीचं हसून हाक मारली. "मॅडम, देखो तो सही. मशीन का माल है. एकावर पण डाग नाय."

खरंच नव्हता. सगळी एका मापाची, एका रंगाची, चकचकीत. मी एक उचलली, ती हाताला हलकी लागली. दुसरी बरी होती. तिसरी परत हलकी. बाहेरून तिन्हींत काही फरक नव्हता. यातल्या दोन कोरड्या निघतील, असं मी म्हटलं तर तो म्हणाला की मॅडम, माणूस चुकेल, मशीन कशाला चुकेल. मी वाद घातला नाही. त्या मशीनला कोणी शिकवलं ते मला ठाऊक होतं, आणि ते रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. मी अर्धा डझन घेतल्या आणि शाळेत जाऊन पहिल्या सत्राच्या परीक्षेचे पेपर तपासायला बसले.

आमच्या पाचोडला मोसंबीचे बहार दोन, पण 'शीझन' म्हटलं की तो आंबे बहाराचाच. गणपती बसले की सुरू होतो आणि दिवाळीच्या तोंडावर आटोपतो. त्या दोन महिन्यांत गावाला एकच वास असतो, सालीतल्या तेलाचा, कडसर, नाकात चढणारा. एसटीतून उतरलं की आधी तो भेटतो, माणसं नंतर. चहाला तो लागतो, भाकरीला लागतो, तान्ह्या पोराच्या दुपट्यालासुद्धा लागतो, कारण माल निवडायला बसणाऱ्या बायकांच्या हातांना तो चिकटलेला असतो आणि घरचं सगळं त्याच हातांनी होतं. बोटाला कुठे चीर असली तर ते तेल असं झोंबतं की डोळ्यांत पाणी येतं. मी सातवी-आठवीत असताना शाळा सुटल्यावर मोसंबी निवडायच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायचे, तेव्हा माझीही बोटं झोंबायची. मला त्याची मोठी ऐट वाटायची.

शेडमध्ये ताडपत्रीवर ढीग ओतलेला आणि भोवती दहा-बारा बायका. चांगलं फळ उजवीकडे, ते नंबर एक. खराब फळ डावीकडे, ते नंबर दोन. एवढं कुणालाही जमेल. पण मोसंबीवर मंगू पडतो. डोळ्यांना न दिसणारी कीड साल खरवडते आणि फळ तपकिरी, मळकट होतं. बघवत नाही. आतून मात्र ते बहुतेक वेळा चांगलं असतं, कित्येकदा इतरांहून गोड. कधी कधी खरंच वाळकंही निघतं. यातलं कुठलं कसं, हे बघून कळत नाही, हातात घेऊन तोलावं लागतं. असलं शंकेचं फळ बायका उजवीकडेही टाकत नसत आणि डावीकडेही. त्या ते समोर सरकवत. तिथे शमीमआपाच्या गुडघ्यापाशी एक रिकामं पोतं अंथरलेलं असे.

शमीमआपाचं घर आमच्या घरासमोर. नवरा तरुणपणीच गेला, मूल नाही, आणि शेडमधली तिची जागा माझ्या आठवणीच्या आधीपासूनची. दिवस कलला की ती पोत्यावरचं एकेक फळ तळहातावर घेई, जरासं उसळवी, अंगठा टेकवी आणि उजवीकडे नाहीतर डावीकडे टाकी. एका अंगाला शेतकरी उकिडवा बसलेला, दुसऱ्या अंगाला माल विकत घेणाऱ्या, शेडच्या मालक शेठचा माणूस उभा. कुणी हरकत घेतली तर आपा सुरीने फळ चिरायची, अर्धं याला द्यायची, अर्धं त्याला. खाल्लं की वाद मिटला. गावात त्याला 'आपाचं पोतं' असंच म्हणत. माल घेऊन आलेला माणूस टेम्पोतून उतरायच्या आधी विचारायचा, आज आपा आहे ना? तिला कुणी नेमलं नव्हतं आणि तिची मजुरीही इतरांएवढीच होती. पण देणारा आणि घेणारा या दोघांनाही ज्याचं म्हणणं पटतं असं गावात दुसरं कोण होतं, ते मला आजही आठवून सापडत नाही.

मी तिला एकदा विचारलं होतं की तुला कसं कळतं. तिने माझा हात उलटा करून तळव्यावर एक मंगू पडलेली मोसंबी ठेवली आणि डोळे मिटायला लावले. "डोळ्याला नको इचारू बेटा," ती म्हणाली. "डोळा लई लबाड हाय. हाताला इचार." मी तेव्हा तेरा वर्षांची असेन. पुढे मी डीएड केलं, मास्तरीण झाले, लग्न होऊन बजाजनगरला आले, आणि सगळं आयुष्य मुलांना डोळ्याने बघून उत्तरं लिहायला शिकवण्यात घालवलं.

आता मशीन यायच्या आधीच्या त्या शीझनबद्दल. आई मोरीत पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन शहरात झालं, पण बजाजनगरच्या दोन खोल्यांत तिचा जीव रमेना. मग मी शाळेतून रजा काढली आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत पाचोडला राहिले. रजा मागताना मुख्याध्यापकांनी परीक्षा जवळ आल्याची आठवण करून दिली. मी त्यांना म्हटलं, मुलांचा सराव झालाय, पोपट बोलतील. ते हसले. मीही हसले. आमच्या धंद्यात ही थट्टा चालते.

ते दोन महिने आठवतात ते वासाने आणि आवाजाने. पत्र्यावर पडणारी हस्ताची सर. आईच्या वॉकरचे फरशीवर टकटक पाय. बाजाराच्या दिवशी दारावरून जाणाऱ्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आता बैल थोडे आणि टेम्पो जास्त, तरी तो येतोच. आणि दुपारी बारा-साडेबाराला शेडची सुट्टी झाली की उंबऱ्यात आपाच्या चपला निघाल्याचा आवाज. ती भाकरी फडक्यात बांधून आमच्याकडेच आणायची आणि आईच्या पलंगाशी बसून खायची. दोघींचं बोलणं काय चालायचं ते कानावर पडायचं, पण त्यात ऐकण्यासारखं काही नसायचं. कोण मेलं, कुणाची सून माहेरी गेली, कुणाची बाग मंगूने काळी पडली. मला ते फार बरं वाटायचं. असं सुख आपल्याला परत मिळणार नाही, हे त्या वेळी कळत असतं तर मी जरा नीट ऐकलं असतं.

अशाच एका दुपारी आपा भाकरीच्या आधी फोन घेऊन आली. शेठच्या शेडवर कुठल्याशा कंपनीचे दोन जण येऊन गेले होते आणि त्यांनी सगळ्या बायकांच्या फोनमध्ये एक खेळ टाकून दिला होता. शेठ म्हणाला होता, खेळा सुट्टीत, गंमत आहे. आपाच्या फोनवर खेळाच्या आधीचं एक पान उघडं राहिलं होतं. बारीक अक्षरांचं, बोटाने वर सरकवत नेलं तरी न संपणारं, आणि खाली निळ्या रंगात 'मान्य आहे'. आपाला अक्षरं लावून लावून वाचता येतात, पण एवढं कुठलं. तिने फोन माझ्यापुढे धरला. "यात काय लिव्हलंय बघ गं."

मी काय केलं ते मला अजून लख्ख दिसतं. मी दोनदा बोट सरकवलं, एक ओळही वाचली नाही आणि म्हटलं, काही नाही आपा, असंच असतं, सगळ्यांत असतं. मग तिच्या वतीने मीच ते निळं बटण दाबलं. मराठीची शिक्षिका आहे मी. उताऱ्याखालचे प्रश्न सोडवण्याआधी उतारा वाचावा, असं वर्षातून शंभर वेळा सांगते.

खेळ साधा होता. पडद्यावर एका मोसंबीचा फोटो येई. खाली दोन बटणं, हिरवं म्हणजे चांगलं आणि लाल म्हणजे खराब. त्याच वेळी तोच फोटो दुसरीकडे कुठेतरी बसलेल्या एका माणसालाही दिसत असे. तो कोण ते कळायचं नाही, नुसतं 'जोडीदार' असं लिहिलेलं. दोघांनी एकच बटण दाबलं की जोडी जुळली, दोघांना चांदणी. पन्नास चांदण्यांना मुकुट. जुळली नाही तर फळ पडद्यावर आपटून फुटायचं आणि पचकन आवाज यायचा. आईला तो आवाज फार आवडायचा. पलंगावर पडल्यापडल्या ती हसायची आणि खुबा दुखतो म्हणून लगेच थांबायची.

आपाने पहिला फोटो बघितला. मंगू पडलेली मोसंबी होती. तिने बोट हिरव्यावर नेलं, मग लालवर नेलं, मग मागे घेतलं आणि फोन उलटासुलटा करून बघितला. "तिसरं बटण कुठं हाय?" तिने विचारलं. मी सांगितलं, नाही, दोनच आहेत. "मंग हे ठिवायचं कुठं?" मी म्हटलं, आपा, हा खेळ आहे, शेड नाही. यावर ती फोटोतलं फळ कितीतरी वेळ निरखत राहिली. मग तिने हिरवं दाबलं आणि फळ पचकन फुटलं.

आठवडाभर ती हरत राहिली. शेडमधल्या काल आलेल्या पोरींना मुकुट मिळाले आणि आपाच्या खात्यात चार चांदण्या. मंगूचं फळ आलं की ती देठाचा रंग बघायची, सालीचा ताण बघायची, बहुतेक हिरवं दाबायची, आणि जोडीदार लाल दाबायचा. "हा जोडीदार कोण हाय गं?" ती चिडून म्हणायची. "यानं जन्मात मोसंबी हातात धरलेली दिसत नाय." आई तिला आणखी चिडवायची, शमीम, तुझं पोतं फाटलं म्हणायची. हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण आपा हसत नव्हती. तिचं म्हणणं कुणी खोटं ठरवलं असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं, आणि आता रोज दुपारी ते होत होतं, तेही आवाज काढून.

तो जोडीदार कोण होता, याचा मी आता फार विचार करते. खेळ मलाही आवडला म्हणून मी तो आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवला होता. वर लिहिलं होतं, आमच्या गावची गोड मोसंबी, टाइमपास करा. मोकळ्या तासाला सगळे तुटून पडले. चित्रकलेच्या मॅडमनी तर दोन दिवसांत तीन मुकुट मिळवले. त्यांना मोसंबी माहीत आहे ती रसवाल्याच्या ग्लासातली. तपकिरी डाग दिसला की खराब, एवढं सरळ गणित. आपाला खोटं ठरवणारा माणूस मीच तिच्यासमोर बसवला असेल, असं माझ्या मनात येतं आणि मग ते जात नाही.

पण त्याहून वाईट मी पुढे केलं. एका दुपारी आपा सलग नऊ वेळा हरली. तिने फोन चटईवर ठेवला, भाकरीचं फडकंही सोडलं नाही, आणि म्हणाली की माझा हात गेला वाटतं. मला ते ऐकवेना. मी तिच्याजवळ बसले आणि वर्गात सांगते तसं समजावून सांगितलं. "आपा, तुला काय म्हाईत हाय ते दाबू नको. समोरचा काय दाबंल त्याचा इचार कर आणि ते दाब." तिला आधी कळलंच नाही. म्हणजे खोटं सांगायचं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, खोटं-खरं काही नाही गं, नुसतं जुळवायचंय. डाग दिसला की डोळे झाकून लाल.

 मग फोन उचलून तिने लाल दाबलं. चांदणी आली. पुन्हा लाल, पुन्हा चांदणी. सहाव्या चांदणीला तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, पोरीसारखं. आईने टाळ्या वाजवल्या. त्या दुपारी मला वाटलं की मी कुणाचं तरी भलं केलं.

परीक्षेच्या आधी दर वर्षी मी मुलांना हेच सांगते. तुला काय वाटतं ते लिहू नकोस, तपासणाऱ्याला काय हवं ते लिही. चंद्रावर निबंध लिहिताना मागे एका मुलीने लिहिलं होतं की चंद्र बघितला की तिला भीती वाटते, कारण तिचे वडील पहाटे कंपनीत जातात तेव्हा तो असतो आणि एकदा ते परत आलेच नव्हते. मी तिला दहापैकी चार दिले होते आणि शीतल चांदणं, चंदेरी प्रकाश असे शब्द वापरत जा म्हणून समासात लिहिलं होतं. पुढच्या वेळी तिने वापरले. मी आठ दिले. माझ्या हातून किती जणांची तिसरी बटणं काढून घेतली गेली, त्याची मोजदाद कुठेच नाही.

आपाने ती युक्ती स्वतःपुरती ठेवली नाही, तो तिचा स्वभाव नव्हे. शेडमध्ये सगळ्यांना शिकवली. समोरचा काय दाबंल ते दाबा. कुणी विचारलं की आपा, हे तुला कोणी सांगितलं, तर ती मान वर करून सांगायची, "आमच्या रेखानं. मास्तरीण हाय ना ती." दसऱ्यापर्यंत शेडमधल्या एकूण एक बाईकडे मुकुट होता. आता त्या दुपारच्या सुट्टीत एकाच वेळी खेळायच्या. म्हणजे कितीतरी वेळा जोडीदारही त्यांच्यातलीच दुसरी असणार, हाताच्या अंतरावर बसलेली. दोघींपुढे मंगूचं तेच फळ. हिलाही ठाऊक की ते चांगलं आहे, तिलाही ठाऊक. आणि हिला वाटलं ती लाल दाबेल, तिला वाटलं ही लाल दाबेल. दोघींनी लाल दाबलं. जोडी जुळली. अशा जाणत्या बायकांचं एकमताचं खोटं कुठल्यातरी खोलीतल्या यंत्रात खरं म्हणून जमा होत राहिलं, आणि मी आईच्या उशाशी बसून लिंबू सरबत ढवळत होते.

दिवाळीनंतर खेळ बंद झाला. उघडला की नुसता पांढरा पडदा यायचा आणि हा खेळ आता उपलब्ध नाही, अशी ओळ. आपाने ती मला वाचायला लावली. तिचे मुकुट कुठे गेले, असं तिने विचारलं. त्या वेळीही मी सांगितलं की काही नाही आपा, असंच असतं.

पुढच्या शीझनला शेठच्या शेडमध्ये मशीन आलं. मी तेव्हा बजाजनगरला होते, हे सगळं आपाने आणि आईने मिळून फोनवर सांगितलेलं. लांबलचक पट्टा, वर कॅमेरे, पट्ट्यावरून फळं धावतात आणि शेवटी दोन तोंडं. एक नंबर एकचं, एक नंबर दोनचं. नारळ फोडला, पेढे वाटले. पट्ट्याशेजारच्या पडद्यावर प्रत्येक फळाचा फोटो येतो आणि त्यावर हिरवं नाहीतर लाल वर्तुळ पडतं. आपाने ती वर्तुळं ओळखली. तोच हिरवा, तोच लाल. तिने कंपनीच्या माणसाला विचारलं तर त्याने कौतुकाने सांगितलं की हो तर, तुमच्याच बायकांनी खेळून खेळून शिकवलंय याला, हुशार आहात तुम्ही. बायका हसल्या म्हणे. त्यांना ती शाबासकी वाटली.

दहा-बारातल्या चौघी राहिल्या, कॅरेट भरायला. आपाला शेठने काढलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने तिला खुर्ची दिली. आपा तीन दिवस पट्ट्याशेजारी खुर्चीवर बसली. मंगूची फळं तिच्यासमोरून लाल वर्तुळ घेऊन डावीकडे पडत होती आणि गुडघ्यापाशी पोतं नव्हतं. चौथ्या दिवशी तिने एक उचललं, तळहातावर तोललं आणि उजवीकडच्या कॅरेटात टाकलं. शेठचा माणूस आला, त्याने ते काढून डावीकडे टाकलं. रागावला नाही, नुसतं म्हणाला की आपा, असं केलं की हिशेब चुकतो. ती उठली आणि घरी आली. त्यानंतर ती शेडकडे फिरकली नाही.

मला याचा राग आहे. कंपनीवर आहे, शेठवर आहे, 'गंमत आहे, खेळा' असं म्हणून माणसाच्या हातातलं काढून घेणाऱ्या सगळ्या गोडबोल्यांवर आहे. मागितलं असतं तर आपाने दिलं नसतं का? ती समोर बसून शिकवायला तयार झाली असती, पण मग तिने पहिल्या दिवशीच विचारलं असतं की पोतं कुठे ठेवायचं, आणि तिसरं तोंड करावं लागलं असतं. ते कुणाला नको होतं. राग असा सगळीकडे फिरवून आणला तरी शेवटी घरीच येतो आणि माझ्यासमोर बसतो.

गेल्या रविवारी पाचोडला गेले होते. बीड रस्त्याने आडूळ मागे पडलं की वास सुरू होतो, तसा झाला. घरामागच्या तुकड्यात आईची बावीस झाडं आहेत. यंदा त्यांच्यावर मंगू फार. आई आता काठी घेऊन चालते, तिने झाडाखाली उभं राहून स्वतः तोडणी करून घेतली आणि मी टेम्पोबरोबर माल शेठच्या शेडवर नेला. पट्टा सुरू झाला. पडद्यावर लाल, लाल, एखादं हिरवं, पुन्हा लाल. बाजूला उभी राहून मी मोसंबीमागून मोसंबी डावीकडे पडताना बघत होते. एक उचलून हातावर घेतली. जड होती. शेठचा माणूस माझ्याकडे बघायला लागला तशी मी ती परत ठेवली. जवळजवळ सगळा माल नंबर दोनमध्ये गेला. एक कॅरेट मी परत घरी आणलं.

ओसरीवर आई बसली होती आणि जोत्याला टेकून आपा. मी झालं ते सांगितलं. आईला ते पटेना. "शमीमला दाखवलं नाय का?" तिने विचारलं, जणू मधली वर्षं गेलीच नाहीत. मग तिने कॅरेटातली एक मोसंबी घेतली, सुरीने सोलली आणि फोडी ताटलीत ठेवल्या. एक स्वतः खाल्ली. तिचा चेहरा बघूनच मला कळलं. "एवढं गोड फळ," आई म्हणाली, "आणि खराब म्हणतंय. त्या मशीनला शिकवलं तरी कोणी? कोण येडं व्हतं ते?"

 आपा कॅरेटातली फळं एकेक करून उचलत होती, तोलत होती आणि पुन्हा ठेवत होती. पूर्वी खेळातली युक्ती कोणी शिकवली असं शेडमध्ये कुणी विचारलं की ती मान वर करून माझं नाव सांगायची. आत्ता तिने मान वर केली नाही.

"म्याच शिकवलं, आक्का," ती म्हणाली.

आई हसली. तिला ती थट्टा वाटली. "तू शिकवलं असतं तर त्यानं असं केलं असतं व्हय?" असं म्हणून तिने ताटली माझ्यापुढे सरकवली. आपाने अजूनही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. सांगायला माझ्याजवळ एकच वाक्य होतं, आणि ऐकायला दोघीच होत्या. मी तोंड उघडलं आणि त्यात एक फोड घातली. मोसंबी गोड होती.